स्वयंपाकघराने वाचवलेली बीअर

कारखान्यांनी सगळीकडे एकाच चवीची बीअर पोचवली, तेव्हा तिचे जुने प्रकार जगवले ते घरच्या शेगडीवर पातेले चढवणाऱ्या हौशी माणसांनी. अमेरिका-ब्रिटनमध्ये कायदेशीर असलेल्या आणि आपल्याकडे गुन्हा ठरणाऱ्या या छंदाची ही ओळख.

१९७८ साली अमेरिकेसारख्या अवाढव्य देशात बीअर बनवणारे कारखाने शंभरसुद्धा नव्हते. दुकानाच्या फळीवर नावे अनेक दिसत, पण बाटली उघडली की चव बहुधा एकच: फिकट सोनेरी रंग, भरपूर फेस आणि थंडगार आहे तोवर बरी लागणारी. आज त्याच देशात नऊ हजारांहून अधिक लहानमोठ्या ब्रुअरी आहेत. काळी, तांबूस, कडू, आंबट, गव्हाची, ओटची अशा कितीतरी तऱ्हांची बीअर तेथे मिळते. एवढा मोठा पालट कोणत्याही बड्या कंपनीने घडवून आणलेला नाही. त्याचे मूळ शोधत गेले, तर आपण पोचतो एका साध्या स्वयंपाकघरात, गॅसवर उकळणाऱ्या पातेल्यापाशी.

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने घरगुती बीअरवरचा कर उठवला. घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बीअर स्वतःपुरती करता येईल. विकता मात्र येणार नाही, असा हा नियम. गंमत अशी की, १९३३ मध्ये तेथील दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाईनला सवलत मिळाली होती, बीअर मात्र वगळली गेली होती. ती चूक निस्तरायला पंचेचाळीस वर्षे लागली. त्यानंतरही प्रत्येक राज्याने आपापला निर्णय घ्यायचा होता. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ साली.

ब्रिटनमध्ये ही मोकळीक आधीच आली होती. ग्लॅडस्टन यांच्या कारकिर्दीत १८८० साली घरगुती बीअरसाठी परवाना सक्तीचा झाला होता. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि घरोघरी पातेली पुन्हा चुलीवर चढली.

पुन्हा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

मुळात हे घरचेच काम

बीअर म्हणजे कारखान्यातली वस्तू, ही समजूत अगदी अलीकडची. मेसोपोटेमियातल्या सुमेर लोकांची बीअरची एक स्वतंत्र देवता होती आणि ती स्त्री होती. तिचे नाव निनकासी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पाव भाजणे आणि बीअर आंबवणे ही दोन्ही कामे घरातल्या बाईचीच मानली जात. घरची गरज भागून उरलेली बीअर ती दारात विकी आणि चार पैसे गाठीला बांधी. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठवासिनीने हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे पेय टिकते, अशी नोंद करून ठेवली आहे.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ च्या वहीत काकवीपासून हलकी बीअर करण्याची कृती लिहिलेली सापडते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो येथील घरी त्यांची पत्नी मार्था दर दोनेक आठवड्यांनी बीअर करी. नंतरच्या काळात तेथील बीअर उत्तम साधायची ती पीटर हेमिंग्ज या गुलाम माणसाच्या हातून. या इतिहासात मालकांची नावे ठळक छापली जातात, पण पातेले ढवळणारे हात बहुतेक वेळा बायकांचे आणि गुलामांचे होते, हे विसरून चालणार नाही.

मग यंत्रयुग आले. तापमापक, घनतामापक, वाफेचे इंजिन आणि शेवटी बर्फाचे यंत्र यांच्या जोरावर बीअर घराबाहेर पडून कारखान्यात गेली. १८७६ मध्ये लुई पाश्चर यांनी बीअर नासते का, याचे शास्त्र ग्रंथात मांडले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शुद्ध यीस्टची एकच जात वेगळी करून वाढवली. बीअर दर वेळी सारखी लागू लागली. हा मोठाच फायदा होता, पण त्यापाठोपाठ तोटाही आला. सारखेपणा परवडतो म्हटल्यावर वेगळेपणा महाग वाटू लागला. लंडनच्या हमालांची आवडती म्हणून नाव पडलेली काळसर पोर्टर विसाव्या शतकात मागे पडत गेली आणि १९७० च्या दशकात आयर्लंडच्या गिनेसनेही तिचे उत्पादन थांबवले. अमेरिकेत तर १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या तेरा वर्षांत छोट्या ब्रुअरींचा कणाच मोडला. त्या काळात दुकानांतून माल्टचा पाक डब्यांत मिळे. नाव बेकरीच्या कामाचे, पण गिऱ्हाईक तो कशासाठी नेतो, हे दुकानदाराला पक्के ठाऊक असे.

मोड, काढा आणि विरजण

घरी बीअर करतात म्हणजे नेमके काय करतात? मराठी गृहिणीला यातली पहिली पायरी समजावून सांगावी लागणार नाही. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, तिला मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. जव म्हणजे बार्लीवर हाच संस्कार केला की त्याला माल्ट म्हणतात. मोड फुटताना दाण्यात काही पाचक द्रव्ये तयार होतात. पिष्टाची साखर करणे हे त्यांचे काम. हौशी मंडळी माल्ट तयारच विकत आणतात आणि तेथून पुढे त्यांचे काम सुरू होते.

सुमारे १९ लिटर बीअरसाठी साडेचार किलो माल्टचा जाडसर भरडा घेतात. तो ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचा. तापमान येथे फार महत्त्वाचे. ते खालच्या अंगाला ठेवले तर साखर अशी तयार होते की यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकते आणि बीअर हलकी, कोरडी होते. चारदोन अंश वर गेले तर न आंबणारा गोडवा मागे राहतो आणि पेय अंगाला भरीव लागते. एवढ्याशा फरकाने प्रकार बदलतो! तासाभराने भरडा गाळून आणि गरम पाण्याने धुऊन जो गोड काढा निघतो, त्याला वर्ट म्हणतात.

हा काढा तासभर खळखळ उकळायचा. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणा देतात, कारण त्यातली आम्ले उकळल्यावरच विरघळण्याजोगी होतात. शेवटच्या पाचदहा मिनिटांत टाकलेले हॉप्स मात्र सुवास देतात. लवकर टाकले असते तर तोच सुवास वाफेबरोबर उडून गेला असता. फोडणीतला हिंग आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच येथे.

नंतर काढा शक्य तितक्या लवकर २० अंशांच्या आसपास निववतात. त्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे पातेल्यात बुडवून त्यातून गार पाणी सोडतात. गार काढ्यात यीस्ट घालायचे. अकरा ग्रॅमची एक पुडी पुरते. झाकणाला एअरलॉक नावाची छोटीशी पाण्याची नळी बसवतात. आतला वायू बुडबुड करीत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. एकदोन दिवसांत फेसाचा जाड थर वर येतो आणि आठवड्याभरात खाली बसतो.

किती आंबले हे कळते कसे? दुधात पाणी किती, हे पाहायला आपल्याकडे लॅक्टोमीटर असतो. तसाच हायड्रोमीटर येथे वापरतात. साखर विरघळलेला काढा जड असतो आणि अल्कोहोल झाल्यावर तो हलका होतो. सुरुवातीची घनता १.०५० आणि शेवटची १.०१० असेल, तर फरक ०.०४० आला. त्याला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण सुमारे सव्वापाच टक्के निघते. हे गणित जमले की छंदिष्टाचा अर्धा अभ्यास झाला.

पातेले एक, प्रकार अनेक

सामग्री चारच गोष्टींची: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात तर फक्त तीनच गोष्टींचा उल्लेख होता, कारण यीस्ट नावाचा जीव असतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही या चौघांच्या जोरावर डझनावारी प्रकार होतात. ते कसे, हे एकेक घटक बदलत गेल्यावर उलगडते.

आधी माल्ट. तो हलका वाळवला तर बीअर सोनेरी होते, जास्त भाजला तर तांबूस. जव कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजून थोडेसे मिसळले की स्टाउट तयार होते. अशी काळीकुट्ट बीअर कडक असतेच असे नाही. रंग आणि नशा यांचा संबंध नसतो, ही गोष्ट नवख्यांना नेहमीच चकित करते.

मग पाणी. बोहेमियातल्या पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू. तेथे १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पहिली लख्ख सोनेरी पिल्सनर केली. इंग्लंडच्या बर्टनचे पाणी जिप्समने भरलेले. त्याने हॉप्सचा कडूपणा धारदार उठतो. आज घरगुती बीअर करणारा नळाच्या पाण्यात चमचाभर जिप्सम टाकून बर्टनची नक्कल करतो.

बर्टनचे नाव निघाले की आपल्या देशाचेही नाव निघते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या साहेबांसाठी इंग्लंडहून भरपूर हॉप्स घातलेली फिकट बीअर जहाजांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला येत असे. हॉप्समुळे ती लांबच्या प्रवासात टिके. पुढे १८३० च्या दशकात या बीअरला ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ होऊ लागले. ती आली आपल्या बंदरांत, पण तिच्या चवीशी सामान्य हिंदी माणसाचा काही संबंध नव्हता. विसाव्या शतकात हा प्रकार नावापुरता उरला. त्याला नवे आयुष्य दिले ते अमेरिकेतल्या हौशींनी. १९७२ मध्ये ऑरेगॉन राज्यात तयार झालेली कॅस्केड ही हॉप्सची जात त्यांनी उचलली आणि पपनसासारख्या वासाची कडवट बीअर जगभर गेली.

तिसरे यीस्ट. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असते. पाव फुगवणाऱ्या यीस्टचीच ही जात. लागरचे यीस्ट थंडी मागते: १० ते १२ अंशांत आंबवणे आणि मग गोठणबिंदूच्या जरा वर कित्येक आठवडे मुरवणे. हे यीस्ट दोन जातींचा संकर आहे. त्यातला थंडी सोसणारा जनक शास्त्रज्ञांना बराच काळ सापडत नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. जर्मन गव्हाच्या बीअरमध्ये निम्म्याहून अधिक गहू असतो, पण तिला येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास गव्हाचा नव्हे. तो तिच्या यीस्टचा. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते.

नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यांची गोष्ट तर आपल्या विरजणासारखीच आहे. तेथे ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या घरात सांभाळतात. लाकडाच्या कड्यांवर वाळवून ठेवतात आणि एखाद्याचे बिघडले तर शेजाऱ्याकडून मागून आणतात. इतर यीस्टांनी माना टाकाव्यात अशा ३५ ते ४० अंशांतही ते झपाट्याने काम करते. प्रयोगशाळांनी त्याची दखल घेतली ती अलीकडे, एकविसाव्या शतकात. तोवर ते टिकले कोणाच्या जिवावर? घरांच्याच.

एक दूधवाला आणि मूठभर धणे

घरगुती माणूस एक प्रकार कसा वाचवतो, याचे ठळक उदाहरण बेल्जियममध्ये सापडते. होगार्डन या गावची गव्हाची धूसर पांढरट बीअर एके काळी प्रसिद्ध होती. तिच्यात धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल पडे. पण लागरच्या लाटेपुढे गावातल्या ब्रुअरी एकेक करून बंद झाल्या आणि १९५० च्या दशकात शेवटची ब्रुअरीही मिटली. गावाच्या नावाची बीअर गावातच मिळेनाशी झाली.

पिएर सेलिस हा त्याच गावचा दूधवाला. तरुणपणी त्याने शेजारच्या ब्रुअरीत हात लावलेला होता, त्यामुळे कृती त्याच्या लक्षात होती. १९६० च्या दशकाच्या मध्याला त्याने पुन्हा ती बीअर करायला घेतली. पुढे ती इतकी चालली की बड्या कंपनीने तिचा कारखानाच विकत घेतला. २०११ मध्ये सेलिस वारला, तेव्हा त्याच्या गावचा हा प्रकार जगातल्या कितीतरी देशांत केला जात होता. एका माणसाची आठवण पुसली गेली असती, तर धण्यांची ही बीअर केवळ जुन्या पुस्तकातली ओळ होऊन उरली असती.

हा प्रकार आज घरगुती मंडळींचा लाडका आहे. निम्मा माल्ट आणि निम्मा गहू घ्यायचा. उकळी संपता संपता वीसेक ग्रॅम धणे ओबडधोबड कुटून टाकायचे आणि त्याबरोबर संत्र्याची साल, आतला पांढरा भाग काढून. धणे फार बारीक केले तर काढ्याला सांबाराचा वास येतो, हा अनुभव बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो.

छंदातून उद्योग

अमेरिकेत या सगळ्याला शाळेचे रूप दिले ते चार्ली पपेझियन यांनी. शिक्षण अणुअभियांत्रिकीचे, नोकरी शाळामास्तराची आणि वेड बीअरचे. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी ते १९७० च्या दशकात घरगुती बीअरचे वर्ग चालवीत. त्या वेळी हे सारे कायद्याच्या कडेकडेनेच चालू होते. १९७८ मध्ये त्यांनी सहकाऱ्याच्या साथीने घरगुती बीअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली आणि १९८४ मध्ये पुस्तक लिहिले. उगाच घाबरू नका, हाच त्या पुस्तकाचा सूर होता.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जॅक मॅकॉलिफ यांनी १९७६ साली न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी उभारली. नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये चाखलेली एल त्यांना मायदेशी कोठेच मिळेना, म्हणून ते घरी करू लागले होते. हा उद्योग १९८२ मध्ये बुडाला, पण अनेकांना वाट दाखवून गेला. चिको गावात घरगुती बीअरच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी भागीदाराबरोबर १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरी सुरू केली. भांडवल तुटपुंजे, म्हणून दुग्धालयांची जुनी भांडी आणून त्यांनीच ती जोडून घेतली. कॅस्केड हॉप्सची त्यांची पेल एल पुढे सगळ्या देशात पोचली.

या लोकांत कोणी मोठे भांडवलदार नव्हते. एकोणीस लिटरच्या पातेल्यात चूक झाली तर नुकसान फार तर काही डॉलरांचे. कारखान्याला हजारो लिटरचा धोका पत्करता येत नाही. म्हणून प्रयोग घरात होतात आणि यशस्वी झालेले तेवढे बाजारात जातात. विविधता टिकते ती अशा स्वस्त चुकांच्या आधारावर.

बाटली फुटते कशी?

मात्र हे काम वाटते तितके ऐसपैस नाही. यात मुख्य मेहनत भांडी घासण्याची. उकळी संपल्यानंतर काढ्याला लागणारी प्रत्येक वस्तू, मग ती नळी असो, चमचा असो की झाकण, जंतुनाशक द्रावणातून काढावी लागते. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये म्हणून आपल्या आज्या जितक्या जपत, तितकेच येथे जपावे लागते. गोड कोमट काढा ही जंतूंनाही मेजवानीच. एवढे मात्र खरे, की उकळलेल्या, हॉप्स घातलेल्या आणि नीट आंबलेल्या बीअरमध्ये माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. चव बिघडते, ती आंबट किंवा दुर्गंधी होते आणि सगळे पातेले मोरीत ओतावे लागते.

खरा धोका बाटलीचा. फेस यावा म्हणून बाटल्या भरताना १९ लिटरला सुमारे ११० ते १२० ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते, वायू आतच कोंडतो आणि दोनेक आठवड्यांत बीअर फसफसती होते. पण मूळ आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच उतावळेपणाने बाटल्या भरल्या किंवा साखर सढळ हाताने पडली, तर दाब वाढून बाटली बाँबसारखी फुटते. काचांनी माणसे जखमी होतात. म्हणूनच दोनतीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटर दोनदा बुडवून आकडा स्थिर असल्याची खात्री करतात. बाटल्याही जाड, तपकिरी काचेच्याच निवडतात, कारण उन्हाने हॉप्समधील द्रव्ये फुटून घाणेरडा वास सुटतो.

कसलेल्या छंदिष्टाची ओळख त्याच्या वहीवरून पटते. कोणत्या तारखेला कोणता माल्ट किती घेतला, तापमान किती होते, घनता किती भरली, सगळे लिहिलेले. वही नसेल तर चांगली साधलेली बीअर पुन्हा साधत नाही आणि बिघडलेली का बिघडली, तेही कळत नाही.

आपल्याकडे काय?

हे वाचून कोणाचे हात शिवशिवू लागले असतील, तर महाराष्ट्रातल्या वाचकाने आधी कायदा पाहावा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. त्यानुसार विनापरवाना मद्य बनवणे हा गुन्हा आहे, इतकेच नव्हे तर त्या हेतूने भांडी आणि साहित्य बाळगणे हासुद्धा. बीअर त्यातून सुटत नाही. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे.

कायदा इतका कडक का, याचे उत्तर मुंबईच्या मालवणीत मिळते. जून २०१५ मध्ये तेथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. पण तेथे माणसे मेली ती औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीने. धान्य आंबवण्याने हे विष तयार झाले नव्हते. आंबवणे आणि गाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिका आणि ब्रिटननेही घरगुती सूट दिली ती आंबवलेल्या पेयांना. घरी भट्टी लावायला त्या कायद्यांनी मुभा दिली नाही.

आपल्या देशात घरगुती आंबवण्याची परंपरा नाही, असेही नव्हे. सिक्कीममध्ये नाचणीपासून तोंगबा करतात. आंबवलेले दाणे लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरून वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने चोखतात. त्यासाठी लागणारी ‘मर्चा’ नावाची विरजणाची वडी बहुधा बायकाच करतात. झारखंडात तांदळाची हांडिया आहे. आसामच्या दिमासा समाजाच्या तांदळाच्या ‘जुडिमा’ या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोर लावलेल्या बाटलीतल्या बीअरपुढे या पेयांना कमी लेखायची आपल्याला सवय लागली आहे. पण पोर्टरचे आणि होगार्डनचे जे झाले, तेच यांचेही होऊ शकते. करणारे हात थांबले की चव संपते आणि मग ती कोणत्याही कारखान्याला परत आणता येत नाही.

शहरांत आता परवानाधारक छोट्या ब्रुअरी निघाल्या आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही त्यांतली सुरुवातीची. तिच्या नावामागे आपल्याच नाशिकजवळची देवळाली आहे. तेथल्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर म्हणे वेडे होत, त्यावरून इंग्रजीत ‘वेडसर’ या अर्थाने हा शब्द रूढ झाला. इंडिया पेल एल असो, स्टाउट असो की गव्हाची बीअर, प्रकारांतला फरक कायदा न मोडता समजून घ्यायचा, तर अशा ठिकाणी तो घेता येतो.

अर्थात, घरची असो की कारखान्यातली, बीअर हे अल्कोहोलच. ते कोणत्याही प्रमाणात पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. गरोदर स्त्रिया, मुले आणि वाहन चालवणारे यांच्यासाठी तर हा विषयच नाही. घरात ज्याला पिण्याचा आजार जडला आहे, त्या घरात पिंपभर बीअर तयार होत असणे हा छंद नसून संकट आहे. पाश्चात्त्य कायद्यांनी मात्रा ठरवून दिली आणि विक्रीला बंदी केली, ती उगाच नाही.

मग या छंदातून घेण्याजोगे काय? घोटभर बीअरसाठी पाच तास शेगडीपाशी उभे राहणारा आणि मग महिनाभर वाट पाहणारा माणूस नशेच्या घाईत नसतो. तेवढ्या वेळात दुकानातून चार खोकी आणता आली असती. त्याला हवी असते ती आपल्या हातची चव आणि ती का आली याचे उत्तर. बाजार ज्या गोष्टी परवडत नाहीत म्हणून सोडून देतो, त्या घर अनेकदा सांभाळून ठेवते: नॉर्वेच्या शेतकऱ्याचे यीस्ट, बेल्जियमच्या दूधवाल्याचे धणे, सिक्कीमच्या बाईची मर्चाची वडी. आपल्या घरांतली नाचणीची आंबील, सांडगे आणि मुरांबेही याच रांगेतले. त्यांच्यासाठी तर कोणत्याही परवान्याची गरज नाही. गरज आहे ती आजीची कृती तिच्या हयातीतच वहीत उतरवून घेण्याची.